अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी की नंतर? उत्तर आपल्या अनुस्वारात आहे

शिक्षक दिन जवळ आला की पुण्यातल्या शाळांमध्ये इंग्रजी फलक आणि शुभेच्छापत्रे तयार होऊ लागतात, आणि दरवर्षी एकाच ठिकाणी लिहिणाऱ्याचा हात अडतो. “टीचर्स डे” लिहिताना वरच्या बाजूला द्यायचा तो स्वल्पविरामासारखा अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी यावा, नंतर यावा, की मुळीच देऊ नये? शंका रास्त आहे, कारण येथे कानाचा काहीच उपयोग होत नाही. अनेक शिक्षक, एका शिक्षकाचा आणि अनेक शिक्षकांचा, हे तिन्ही अर्थ सांगणारी इंग्रजी रूपे उच्चारात तंतोतंत सारखी आहेत. फरक आहे तो केवळ कागदावर. त्यामुळे ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, त्यांनाही या चिन्हाने पिढ्यान्‌पिढ्या छळले आहे. मराठी माणसाला मात्र येथे एक सोय उपलब्ध आहे, आणि ती आपल्या शाळांमधून पुरेशी सांगितली जात नाही, असे मला वाटते.

उदाहरणांसाठी एक खुलासा आधी करतो. इंग्रजी शब्द मी देवनागरीतच लिहिणार आहे आणि अपॉस्ट्रॉफी ज्या जागी यायला हवा, त्याच जागी दाखवणार आहे. “टीचर’स” म्हणजे एसच्या आधी चिन्ह आणि “टीचर्स’” म्हणजे एसच्या नंतर चिन्ह. शब्दाच्या शेवटी उच्चाराप्रमाणे कधी स, तर कधी ज दिसेल. इंग्रजीत मात्र दोन्ही ठिकाणी एस हेच अक्षर आहे.

मुख्य नियम असा. ज्याची वस्तू आहे, तो शब्द आधी पूर्ण लिहावा. मालक एक असेल तर एकवचनी शब्द, अनेक असतील तर अनेकवचनी शब्द, आणि तोही त्याच्या सगळ्या अक्षरांसह. हा शब्द संपला की लगेच अपॉस्ट्रॉफी द्यावा. त्यानंतर एकच गोष्ट पाहायची: लिहिलेला शब्द अनेकवचनी असून त्याच्या शेवटी आधीच एस आहे का? असेल तर तेथेच थांबायचे. नसेल तर पुढे एक एस जोडायचा. मालक एक डॉक्टर असेल तर “डॉक्टर” हा शब्द पूर्ण झाला, मग चिन्ह, मग एस: “डॉक्टर’स”. मालक अनेक डॉक्टर असतील तर “डॉक्टर्स” हा शब्द पूर्ण झाला, मग चिन्ह, आणि एस आधीच असल्यामुळे पुढे काहीच नाही: “डॉक्टर्स’”. “आधी की नंतर” हा प्रश्नच मुळात चुकीच्या जागी उभा राहून विचारलेला आहे. चिन्हाची जागा एस ठरवत नाही, मालकाचा शब्द कोठे संपतो यावर ती ठरते.

हा मालक एक आहे की अनेक, हे ओळखणे ही खरी पायरी आहे, आणि येथे मराठी आपल्या मदतीला येते. आपण “मुलाचे पुस्तक” म्हणतो आणि “मुलांचे पुस्तक” म्हणतो. “मुलीची खोली” आणि “मुलींची खोली”, “विद्यार्थ्याचा डबा” आणि “विद्यार्थ्यांचा डबा”. अनेकवचनाच्या सामान्यरूपावर अनुस्वार येतो आणि तो स्पष्ट ऐकूही येतो. १९६२ साली मान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे कितीतरी अनुस्वार काढून टाकले, परंतु हा अनुस्वार ठेवला, कारण तो काढला असता तर एक मूल आणि अनेक मुले यांतला भेदच पुसला गेला असता. इंग्रजीत अपॉस्ट्रॉफीच्या जागेवर जे काम सोपवलेले आहे, ते काम मराठीत हा ठिपका करतो. म्हणून इंग्रजी वाक्य लिहिताना अडले की मनात मराठी शब्द म्हणून पाहावा. “स्टुडंट” हा शब्द लिहायचा आहे आणि मनात “विद्यार्थ्याचा” आले, तर “स्टुडंट’स”. “विद्यार्थ्यांचा” आले, तर “स्टुडंट्स’”. पालकांची सभा म्हणजे “पेरेंट्स’ मीटिंग”, कारण “पालकांची” या शब्दावर अनुस्वार आहे आणि सभेला एकच पालक येणार नाही.

या युक्तीला एक मोठा अपवाद आहे आणि तो आपल्या सभ्यतेतून आलेला आहे. मराठीत आपण आदरार्थी अनेकवचन वापरतो. आजोबा एकच असतात, पण चष्मा “आजोबांचा” असतो. “बाबांचे ऑफिस”, “सरांची वही”, “मॅडमांचा तास”, “मुख्याध्यापकांची सही”, या सगळ्या ठिकाणी अनुस्वार आहे आणि माणूस मात्र एक आहे. इंग्रजी नामाला आदराचे अनेकवचन नाही, त्यामुळे आजोबांचा चष्मा लिहिताना “ग्रँडफादर’स” असेच लिहायला हवे. चांगली मराठी बोलणारी मुले “माय फादर्स’ ऑफिस” असे लिहून जातात आणि त्यांचे गुण कापले जातात. वास्तविक त्यांच्या मनात वडिलांविषयी आदर होता आणि तोच आदर चुकीच्या जागी उमटला. म्हणून अनुस्वार ऐकू आला की लगेच आणखी एक प्रश्न विचारावा: ही माणसे खरोखर अनेक आहेत, की एकाच माणसाला आपण मान देत आहोत? तेवढे तपासले की युक्ती पुन्हा भरवशाची होते.

दुसरी अडचण समासाची. आपण “शिक्षक दिन”, “महिला दिन”, “बालदिन” म्हणतो, त्यात षष्ठीचा प्रत्यय गळून गेलेला असतो आणि अनुस्वार कोठेच दिसत नाही. अशा वेळी शाळेत शिकवलेला विग्रह कामाला येतो. शिक्षकांचा दिन, महिलांचा दिन, बालकांचा दिन, असे शब्द फोडले की मालक अनेक आहेत हे लक्षात येते. ५ सप्टेंबरचा दिवस सर्व शिक्षकांचा आहे, म्हणून “टीचर्स’ डे”. १४ नोव्हेंबर आणि ८ मार्च या दिवसांचे मालकही अनेकच आहेत, पण तेथे शब्दांचा घाट वेगळा आहे. “चिल्ड्रन” आणि “विमेन” ही अनेकवचने एस न लागता झालेली आहेत. आपल्या नियमाप्रमाणे आधी शब्द पूर्ण लिहायचा, मग चिन्ह, आणि शेवटी एस नसल्यामुळे तो जोडायचा: “चिल्ड्रन’स डे”, “विमेन’स डे”. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या आणि पुण्यात कर्वे रस्त्यावर ज्याचा परिसर आहे, त्या महिला विद्यापीठाच्या इंग्रजी नावातही “विमेन’स” असेच आहे. लक्ष्मी रस्त्यावरून चालताना कपड्यांच्या दुकानांवर “मेन’स वेअर” आणि “लेडीज’ वेअर” यांची नाना रूपे वाचायला मिळतात. “मेन” हे स्वतःच अनेकवचन आहे, त्यामुळे तेथे चिन्ह एसच्या आधीच येणार. “लेडी” या शब्दाचे अनेकवचन मात्र वाय जाऊन आय-ई-एस लागून होते, म्हणून तेथे चिन्ह अगदी शेवटी येणार. “मेन्स’” असे रूप इंग्रजीत होऊच शकत नाही, कारण “मेन्स” नावाचे अनेकवचनच अस्तित्वात नाही.

मातृदिनाची गोष्ट याहून निराळी आणि मला फार आवडणारी आहे. अमेरिकेत हा दिवस सुरू व्हावा म्हणून ॲना जार्विस यांनी अनेक वर्षे खटपट केली आणि १९१४ साली अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मे महिन्याचा दुसरा रविवार त्यासाठी जाहीर केला. जगातल्या सगळ्या मातांचा दिवस म्हटल्यावर कोणीही चिन्ह शेवटी देईल. जार्विस यांचा आग्रह मात्र एकवचनाचा होता: प्रत्येक घराने आपापल्या एका आईचा मान करावा, म्हणून “मदर’स डे”. आजही तसेच लिहिले जाते. चिन्ह एक अक्षर इकडे किंवा तिकडे सरकल्याने दिवसाचा अर्थ कसा बदलतो, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

आता घराच्या दारावरच्या पाटीकडे वळू. कोथरूड, सहकारनगर, औंध अशा भागांतल्या इमारतींमध्ये जिना चढताना पितळी किंवा लाकडी पाट्यांवर इंग्रजीत “द जोशी’ज” किंवा “द कुलकर्णी’ज” असे कोरलेले दिसते. येथे लिहिणाऱ्याच्या मनात “जोशी मंडळी” असा अर्थ असतो. जोशी घराण्यातली सगळी माणसे म्हणजे जोशी या शब्दाचे साधे अनेकवचन, आणि साध्या अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी लागत नाही: “द जोशीज”. आडनाव आहे म्हणून शेवटच्या आयचे काही होत नाही, नुसता एस जोडायचा. “जोशींचे घर” असे म्हणायचे असेल, तर आधी “जोशीज” हा शब्द पूर्ण करून मग चिन्ह द्यावे: “द जोशीज’”. “जोशी’ज” याचा अर्थ कोणा एका जोशीचे, असा होतो, आणि पुढे “द” असल्यामुळे तो आणखी विचित्र वाटतो. पाटी पितळेवर कोरून घेण्याआधी हा विचार करावा, कारण नंतर ती दुरुस्त करणे सोपे नसते.

ज्यांचे नावच एसने संपते, त्यांचा प्रश्न वेगळा. विलास, सुहास, तेजस, श्रीनिवास ही आपल्याकडची रोजची नावे, आणि फडणीस, चिटणीस, व्यास ही आडनावे. विलासचे पुस्तक लिहिताना “विलास’स” लिहावे की नुसते “विलास’”? इंग्रजीत याबाबत दोन पंथ आहेत. अमेरिकेत पुस्तके छापणारे बहुतेक प्रकाशक पुढे एस जोडतात, तर तिथली अनेक वृत्तपत्रे नुसत्या चिन्हावर थांबतात. लंडनमधल्या “सेंट जेम्स’स पार्क” या स्थानकाच्या नावात जास्तीचा एस आहे आणि न्यूकॅसलच्या “सेंट जेम्स’ पार्क” या फुटबॉलच्या मैदानाच्या नावात तो नाही. दोन्ही आपापल्या जागी मान्य आहेत. माझे मत विचाराल तर विलास हा एक माणूस आहे आणि आपला नियम एस न जोडण्याची सूट केवळ अनेकवचनाला देतो, म्हणून “विलास’स” लिहावे. उच्चारही तसाच होतो, “विलासिझ” असा जास्तीचा अवयव बोलताना ऐकू येतो. कोणतीही पद्धत स्वीकारली तरी एका मजकुरात ती शेवटपर्यंत सांभाळावी. फडणीस कुटुंबाच्या पाटीवर मात्र अनेकवचन करण्याच्या खटाटोपात न पडता सरळ “फडणीस फॅमिली” असे लिहिणे अधिक शोभेल.

रजेच्या अर्जात हा विषय पुन्हा भेटतो. एका दिवसाची रजा आणि दोन दिवसांची रजा, या मराठी शब्दांकडे पाहा: पहिल्यात अनुस्वार नाही, दुसऱ्यात आहे. इंग्रजीतही नेमके तसेच होते, “वन डे’ज लीव्ह” आणि “टू डेज’ लीव्ह”. येथे दिवस हा काही रजेचा मालक नाही, पण इंग्रजी काळाच्या मोजमापाला मालकासारखे वागवते. दोन आठवड्यांची नोटीस, तीन महिन्यांचा पगार, उद्याचा पेपर, आजची बातमी, या सगळ्यांना हाच प्रत्यय लागतो. अर्ज लिहिताना बहुसंख्य लोक येथे चिन्ह गाळतात, आणि वाचणाऱ्या साहेबांनाही ते खटकत नाही, ही गोष्ट वेगळी.

यावरून असे मात्र समजू नये की मराठीत जेथे जेथे चा-ची-चे दिसेल, तेथे तेथे इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी आणि एस द्यायचा. आपला षष्ठीचा प्रत्यय फार उदार आहे. “सोन्याची अंगठी” यात सोने हा अंगठीचा मालक नसून ती ज्याची घडवली ते द्रव्य आहे, म्हणून इंग्रजीत नुसते “गोल्ड रिंग”. “चहाचा कप”, “पुण्याची गाडी”, “प्यायचे पाणी”, यांतले एकही नाते अपॉस्ट्रॉफीने सांगता येत नाही. निर्जीव वस्तूंच्या भागांसाठी इंग्रजी बहुधा “ऑफ” वापरते किंवा दोन नामे शेजारी ठेवून मोकळी होते: टेबलाचा पाय म्हणजे “टेबल लेग”, वाड्याचा दरवाजा म्हणजे “द डोअर ऑफ द वाडा”. उलट माणसांच्या बाबतीत “ऑफ” वापरला की भाषा अवघडते. आशाच्या आईला “द मदर ऑफ आशा” म्हणणे व्याकरणात बसले तरी घरात कोणी तसे बोलत नाही, “आशा’ज मदर” असेच म्हणतात. माणसे, प्राणी, माणसांच्या संस्था आणि काळ यांच्यासाठी अपॉस्ट्रॉफी, आणि बाकीच्यांसाठी शक्यतो इतर मार्ग, एवढे ध्यानात ठेवले तरी बहुतेक वाक्ये नीट उतरतात.

मालक दोघे मिळून असतील तर इंग्रजी आणि मराठी यांचे वागणे सारखेच आहे. “आशा आणि रवीचे घर” म्हटले की घर एक, प्रत्यय एकदाच. “आशाचे आणि रवीचे घर” म्हटले की घरे वेगवेगळी असल्याची शक्यता मनात येते. इंग्रजीत हाच भेद अधिक काटेकोरपणे पाळतात.

हे चिन्ह मुळात आले कोठून, हे कळले की “इट्स” हा सगळ्यांत त्रासदायक शब्दही सुटतो. जुन्या इंग्रजीत पुष्कळशा नामांना षष्ठीसाठी ई आणि एस अशी दोन अक्षरे लागत असत आणि त्यांतला ई उच्चारलाही जाई. कालांतराने बोलण्यातून तो गळाला. सोळाव्या शतकात फ्रेंचच्या वळणाने इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी आला, तो गळालेल्या अक्षराची खूण म्हणून. संस्कृतात “कोऽपि” किंवा “सोऽहम्” लिहिताना लुप्त अकाराच्या जागी आपण अवग्रह देतो, त्याच जातीची ही खूण. सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एकवचनी मालकीसाठी तिचा वापर रुळत गेला आणि अनेकवचनानंतर ती देण्याची रीत त्याच्याही नंतर, अठराव्या शतकात पक्की होत गेली. म्हणजे या एकाच चिन्हावर आज दोन कामे आहेत: अक्षर गळाल्याचे सांगणे आणि मालकी सांगणे.

“इट्स” या शब्दापाशी ही दोन्ही कामे समोरासमोर येतात. “इट इज” किंवा “इट हॅज” यांचा संक्षेप करताना अक्षरे गळतात, म्हणून “इट’स” या रूपात चिन्ह आहे. “त्याचे” अशा अर्थाचे “इट्स” मात्र चिन्हाशिवाय लिहितात. नामांना चिन्ह लागते, मग याला का नाही, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि त्याचेही उत्तर मराठीत आहे. आपण “मीचा” किंवा “तूचा” असे कधी म्हणत नाही. “माझा” आणि “तुझा” ही मालकीची तयार रूपे आपल्याकडे आहेत. इंग्रजी सर्वनामांचेही तसेच आहे. “माय”, “हिज”, “हर्स”, “अवर्स”, “यॉर्स”, “देअर्स” आणि “इट्स” ही सगळी तयार रूपे आहेत, त्यांना बाहेरून प्रत्यय जोडलेला नाही, म्हणून चिन्हही नाही. “हिज” या शब्दात कोणी अपॉस्ट्रॉफी घालत नाही, आणि “इट्स” हा त्याचाच भाऊ आहे. “हूज” या शब्दाची दोन रूपेही अशीच वेगळी करावीत: “कोणाचा” या अर्थाचे रूप चिन्हाशिवाय आणि “कोण आहे” या अर्थाचे चिन्हासह. शंका आली तर त्या जागी “इट इज” किंवा “हू इज” असे पूर्ण शब्द वाचून पाहावेत. वाक्य उभे राहिले तर चिन्ह द्यावे, कोसळले तर देऊ नये. “एव्हरीबडी”, “समवन” आणि “वन” यांना मात्र नामांप्रमाणेच चिन्ह लागते, कारण त्यांची वेगळी तयार रूपे नाहीत.

साध्या अनेकवचनात अपॉस्ट्रॉफी घालण्याची चूक सर्वत्र आढळते. “मोबाइल’स दुरुस्त करून मिळतील” अशा धाटणीचे इंग्रजी फलक आपल्याकडे आहेत, आणि इंग्लंडमध्ये भाजीच्या दुकानांवरच्या पाट्यांत ही चूक इतकी आढळे की तिचे नावच भाजीवाल्याचा अपॉस्ट्रॉफी असे पडले. जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने २००१ साली तेथे या चिन्हाच्या रक्षणासाठी संस्थाच काढली होती. वस्तू अनेक आहेत एवढेच सांगायचे असेल तर चिन्ह नको. दशकांच्या आकड्यांनाही आता ते देत नाहीत. सुटी छोटी अक्षरे मोजताना मात्र, वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून, ते चालते.

नावांच्या बाबतीत मात्र नियम बाजूला ठेवून मालकाने स्वतः काय लिहिले आहे ते पाहावे. पुण्यातच पाहिले तर “फर्ग्युसन कॉलेज” या नावात प्रत्यय नाही, फर्ग्युसन हे नाव विशेषणासारखे पुढे ठेवले आहे. कॅम्पातल्या “बिशप’स स्कूल” या नावात मात्र तो आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेवर “अर्ल’स कोर्ट” आणि “बॅरन्स कोर्ट” ही शेजारची स्थानके आहेत, पहिल्याला चिन्ह आहे, दुसऱ्याला नाही. “वॉटरस्टोन्स” या ब्रिटिश पुस्तक दुकानांच्या साखळीने २०१२ साली आपल्या नावातले चिन्ह काढून टाकले. अमेरिकेत १८९० साली स्थापन झालेले भौगोलिक नावांचे मंडळ ठिकाणांच्या नावात मालकीचा अपॉस्ट्रॉफी सहसा मान्यच करत नाही. “मार्था’ज व्हिनयार्ड” हे बेट त्याच्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. त्यामुळे पत्ता, संस्थेचे नाव किंवा प्रमाणपत्रावरचा मजकूर लिहिताना त्या संस्थेचा छापील कागद समोर ठेवावा आणि तेथे जसे असेल तसेच उतरवावे, मग ते व्याकरणात बसो वा न बसो.